धुतलेलं दुपटं

तायव्वानं दुपटं माझ्या हातात ठेवलं तेव्हाच मला कळलं, की ते धुतलेलं आहे.

नुसतं धुतलेलं नाही. चांगलं घासून, पिळून, उन्हात कडक वाळवून त्याची चौकोनी घडी घातलेली होती. वर चार डाळिंबं ठेवलेली, कारण दुसऱ्याची वस्तू रिकामी परत करायची नसते. मी शिवणाचा क्लास चालवणारी बाई. कापड हातात आलं की त्याच्यावर काय काय गुदरलंय ते माझ्या बोटांना कळतं. या दुपट्याला कपड्याच्या साबणाचा वास येत होता.

"आठ दिस निजलंय बघा पिल्लू त्याच्यावर," तायव्वा म्हणाली. "तुमी सांगितल्यागत."

"बरं झालं," मी म्हटलं.

तिथंच म्हणायला हवं होतं, की अहो बाई, धुतलंत कशाला? पण अंगणात शाल्मली मांडी घालून बसली होती. तिच्या मांडीत ते पिल्लू होतं आणि ते तिची हनुवटी चाटत होतं. ती हसत होती. तिच्या वडिलांशी लग्न होऊन मला चार महिने झाले होते आणि तोवर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी डाळिंबं पिशवीत टाकली, दुपटं काखेत मारलं आणि गप्प राहिले.

या दुपट्याचं प्रकरण काय होतं ते आधी सांगते. याला आता बावीस वर्षं होऊन गेली.

मला लहानपणापासून दमा. मांजर घरात शिरलं, गाद्या झटकल्या, कुणी कुत्रं कुरवाळून शेजारी येऊन बसलं, की शिंका सुरू, आणि शिंकांच्या मागोमाग छातीत शिट्टी. बघण्याच्या कार्यक्रमात माझ्या माहेरचे हा दमा लपवायचे आणि मी चहाचा कप पुढं करता करता सांगून टाकायची. छत्तीस वर्षांची होईपर्यंत माझं लग्न का झालं नाही याचं कारण एवढंच आहे. आई कपाळाला हात लावायची. मी म्हणायची, नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

जयवंतांनाही मी सांगितलं. ते पाटबंधारे खात्यात होते, जतला. पहिली बायको सुनंदा दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली होती. दमा ऐकून ते म्हणाले, "ठीक आहे. आमच्याकडे हवा कोरडी आहे." एवढ्यावर लग्न ठरलं. भला माणूस. फक्त एक गोष्ट ते सांगायला विसरले. सुनंदानं लेकीला कबूल केलं होतं, की पाचवी पास झालीस की कुत्रं आणू. लेक आता सहावीत होती. बायको गेली तरी तिचं कबूल केलेलं घरात तसंच राहिलं होतं.

शाल्मली मला 'मावशी' म्हणायची, वडिलांनी सांगितलं म्हणून, आणि 'अहो-जाहो' करायची. भांडायची नाही, उलट बोलायची नाही. वाढलेलं जेवायची आणि ताट उचलून मोरीत ठेवायची. कुत्र्याचा विषय तिनं माझ्यासमोर एकदाच काढला.

"तुम्हाला कुत्र्याचा त्रास होतो ना?"

"होतो."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

ते 'राहू दे' मला दिवसभर टोचत राहिलं. ज्या घरात आई गेली त्या घरात मी येऊन बसले, आणि आईनं कबूल केलेलं कुत्रंही माझ्यामुळं येणार नाही. मी त्या पोरीच्या जागी असते तर मला माझं तोंड बघवलं नसतं.

म्हणून मीच जयवंतांना म्हटलं, डॉक्टरांना विचारू. जयवंतांचा उत्साह लगेच वाढला. त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं, की आपल्याकडची कारवानी कुत्री घ्या, त्यांना केस आखूड असतात, त्यांचा त्रास होत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी ते ऐकून मान हलवली.

"केसांचा काही संबंध नाही. कातडीचा कोंडा असतो आणि लाळ असते, त्यानं त्रास होतो. अजिबात त्रास न होणारी जात नसते. पण एका कुत्र्याचा जास्त होतो, एकाचा कमी. जे कुत्रं आणायचंय त्याच्याच अंगाखाली एक फडकं आठवडाभर टाका. मग तेच फडकं आणून यांच्या उशीजवळ ठेवा. काय होतं ते बघा आणि मग ठरवा. दम लागला तर लगेच बाजूला करायचं."

मी माझ्या जुन्या सुती साड्यांचं दुपटं शिवलं, लहान मुलाला शिवतात तसं. करेवस्तीवर तायव्वाच्या घरी कारवानी कुत्री होती आणि त्यातली एक दीडेक महिन्यापूर्वी व्यालेली होती. शाल्मलीनं त्यातलं एक तांबूस पिल्लू पसंत केलं. त्याच्या अंगाखाली दुपटं टाकायला सांगून आम्ही आलो. कशासाठी ते तायव्वाला नीट सांगायचं कुणालाच सुचलं नाही. पिल्लाला सवय व्हावी म्हणून असेल, असं तिला वाटलं. आणि परक्याचं कापड कुत्र्याच्या केसांनी भरलेलं परत देणारी ती बाई नव्हती.

बाकी राहिले जयवंत. रोज तलावाच्या पाण्याची पातळी नोंदवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांनी शाल्मलीला दोनशे पानी वही आणून दिली.

"रोज लिहायचं. तारीख, आणि मावशीला शिंका किती आल्या. दहा ही धोक्याची पातळी. लागोपाठ तीन दिवस दहाच्या वर गेलं, की कुत्रं परत. मान्य?"

"मान्य," शाल्मली म्हणाली. मला कुणी विचारलं नाही, पण मीही मान हलवली.

धुतलेलं दुपटं आठ दिवस माझ्या उशाशी राहिलं. रोज सकाळी शाल्मली शाळेचा गणवेश घालून, पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहायची. मी चहा गाळायची आणि ती माझ्या नाकाकडं बघत बसायची. कुणी असं बघत असलं की उगाचच नाक हुळहुळायला लागतं. तरी एकही शिंक आली नाही. येणार कशी? वहीत आठ शून्यं एकाखाली एक उभी राहिली. शेवटच्या दिवशी तिनं ती वही मला दाखवली आणि म्हणाली, "एकपण नाही, मावशी." तिच्या आवाजात आनंद होता, आणि त्यात थोडासा माझ्याही वाटणीचा होता. मला तो हवा होता. खोटं कशाला बोलू, त्या आनंदासाठीच मी गप्प होते. जन्मभर स्वतःचा दमा उघड करत आलेली मी, एका दुपट्यापाशी येऊन लबाड झाले.

पिल्लू आलं. शाल्मलीनं त्याचं नाव ठेवलं बाण. काटकुळे पाय, निमुळतं तोंड, आणि घरभर नुसती धूम. पहिल्या दिवशी मला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झालं.

मग माझी कसरत सुरू झाली. शाल्मली शाळेत असेपर्यंत ठीक. ती आली की शिंक दाबायची. अगदीच नाही दाबली तर क्लासच्या खोलीत जाऊन मशीन जोरात चालवायचं. "सुताची धूळ आहे," असं क्लासच्या मुलींना सांगायचं. छाती भरून आली की बाथरूममध्ये जायचं, नळ सोडायचा, बादली भरत ठेवायची आणि तोंडात पंप मारायचा. दोन मारायचे, थांबायचं, पुन्हा दोन. त्या महिन्यात आमच्या घरात इतकं पाणी सांडलं, की पाटबंधारे खात्यातल्या माणसालाही ते लक्षात यायला हवं होतं. पण जयवंत दौऱ्यावर होते.

संध्याकाळी शाल्मली विचारायची, "आज किती?"

"दोन. नाही, तीन," मी सांगायची. ती लिहायची. हळूहळू तिनं विचारायचं सोडलं आणि आपली आपणच लिहू लागली. मला वाटलं, विश्वास बसला.

तिसऱ्या आठवड्यात जयवंत आले. चहा झाला, आणि त्यांनी वही मागितली. चष्मा लावला. पानं उलटली आणि थांबले.

"सोमवार सव्वीस. मंगळवार तेहतीस. बुधवार एकेचाळीस." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हेमा, काय हे? तू मला फोनवर म्हणालीस सगळं छान आहे."

मी वही ओढूनच घेतली. एकेचाळीस! बुधवारी मी शाल्मलीसमोर चारदा शिंकले होते, पाचव्यांदा पदर तोंडावर धरला होता. चारचे एकेचाळीस! माझं डोकं तापलं. मी जीव मुठीत धरून या पोरीच्या कुत्र्यासाठी श्वास कोंडत होते, आणि ही वहीत माझी बदनामी लिहून ठेवत होती. कशासाठी, तर बापाला दाखवायला, की बघा कसली बायको आणलीत.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

शाल्मली भिंतीला टेकून उभी होती. बाण तिच्या पायात. "मी मोजल्या," ती म्हणाली.

"चार होत्या बुधवारी. फार तर पाच."

"एकेचाळीस."

"अगं, तू शाळेत होतीस अकरा ते पाच," जयवंत म्हणाले. "मग मोजल्यास कधी?"

तिनं वाकून बाणाच्या पाठीवरून हात फिरवला.

"तिला कुत्रं हवंय म्हणून मी सगळं करतेय," मी जयवंतांना म्हटलं. आवाज चढला होता आणि चढलेल्या आवाजाबरोबर छातीत शिट्टी वाजू लागली होती. "मला काही होत नाहीये. काहीच होत नाहीये. कुत्रं राहील. ही वही फाडून टाका."

"बाथरूममधल्या तर मी धरल्याच नाहीत," शाल्मली म्हणाली.

मी तिच्याकडं बघत राहिले.

"नळ सोडला तरी ऐकू येतं," ती म्हणाली. "पंप पण ऐकू येतो. बुधवारी सहा वेळा वाजला. आईला पण शेवटी असाच दम लागायचा."

एवढं बोलून ती मागच्या अंगणात निघून गेली. बाण तिच्यामागं गेला.

जयवंत उठायला लागले. मी त्यांना हातानं बसवलं. आधी पंप मारला, तिथंच, त्यांच्यासमोर, नळ न सोडता. मग अंगणात गेले.

ती धुण्याच्या दगडावर बसली होती. मी तिच्यापासून थोडं लांब, पायरीवर बसले, कारण बाण तिच्या मांडीत होता.

"मला सरळ सांगायचंस," मी म्हटलं.

"काय?"

"की कुत्रं नको. परत देऊ."

"मी कसं नको म्हणू?" ती म्हणाली. "आईनं कबूल केलं होतं." ती बाणाच्या कानाशी चाळा करत होती. "आई म्हणाली होती, पाचवी झाली की आणू. आणि मीच नको म्हटलं तर? मग तिला काय वाटेल? वहीत दहाच्या वर गेलं असतं तर ते आपोआप झालं असतं. मी नको म्हटलं, असं झालं नसतं."

"म्हणून चारचे एकेचाळीस केलेस?"

"आधी चौदा लिहिले होते," ती म्हणाली. "मग वाटलं, चौदाला बाबा म्हणतील अजून थोडं बघू. ते तलावाला पण तसंच म्हणतात."

मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. मी ते लपवलं नाही. ती मुलगी तीन आठवडे बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून माझे श्वास मोजत होती, आणि मी समजत होते की ती माझ्या चुका मोजतेय. तिचा किती जीव होता त्या कुत्र्यावर हे मी रोज पाहत होते. तेच कुत्रं ती माझ्यासाठी घालवायला निघाली होती, आणि तेही स्वतःच्या आईला कळू न देता.

"शाल्मली, मलाही एक सांगायचंय," मी म्हटलं. "ते दुपटं धुतलेलं होतं."

"कुठलं?"

"तायव्वानं दिलेलं. तिनं साबणानं धुऊन दिलं होतं. म्हणून आठ दिवस शून्य आलं. मला तेव्हाच कळलं होतं, हातात घेतल्या घेतल्या."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "मग बोलला का नाहीत?"

"तू हसत होतीस."

तिनं बाणाला मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे आधी तुम्ही खोटं केलंत."

"हो. आधी मी केलं."

"आणि मग मी."

"आणि मग तू."

"बाबांना सांगायचं?"

"सांगावं लागेल. नाहीतर ते धोक्याची पातळी बदलून बसतील."

रविवारी आम्ही दोघी एस.टी.नं करेवस्तीला गेलो. बाणाला टोपलीत घेऊन शाल्मली खिडकीशी बसली आणि मी चार बाकं सोडून मागं. तायव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"आगं आई. म्हंजी मी धुतलं म्हून बाईस्नी तरास झाला?"

"तुमची चूक नाही. आम्ही सांगितलंच नव्हतं."

"पर लोकाचं कापाड तसंच घाण कसं द्यायाचं वो? दोनदा घासलं मी. आन तुमास्नी वासावरनं कळलं म्हंता?"

"कळलं."

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

हाच प्रश्न दुसऱ्यांदा. शाल्मलीनं माझ्याकडं पाहिलं आणि मग टोपलीचं झाकण काढलं. बाण काय खातो, त्याला दूध कोमट लागतं, त्याला विजेच्या मोटरचं भय वाटतं, हे सगळं तिनं तायव्वाला नीट सांगितलं. तायव्वानंही ऐकून घेतलं, जणू तो तिच्या घरी जन्मलाच नव्हता. मग शाल्मलीनं त्याला खाली ठेवलं. तो आपल्या आईकडं पळत सुटला आणि त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. शाल्मलीला ते फार लागलं. ती रडली, उघड्यावर, मोठ्यानं. मी तिच्याजवळ गेले नाही, तिच्या अंगावर अजून त्याचे केस होते आणि माझी छाती आधीच भरली होती. पण दुसऱ्या कुठंही गेले नाही. तिथंच उभी राहिले.

तायव्वाला राहवेना. "दुसरी हायती की," ती म्हणाली. "ती चंदी बघा. चार वर्साची हाय. गरीब हाय लई. आंगावर उड्या मारत न्हाई, चाटत न्हाई."

गोठ्याच्या सावलीत एक करडी कुत्री पाय पसरून पडली होती. तिनं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. पिल्लासारखं तिच्यात काही नव्हतं. शाल्मली डोळे पुसत तिच्याकडं बराच वेळ बघत होती.

"मावशी, दुसरं दुपटं शिवशील?" तिनं विचारलं.

"शिवेन."

"आणि तायव्वा, या वेळी धुवू नका."

पंधरा दिवसांनी तायव्वानं ते नवं दुपटं दोन बोटांत धरून, तोंड दुसरीकडं करून मला दिलं. करडे केस, माती, लाळेचे डाग, सगळं होतं त्याच्यावर. असं कापड माणसाच्या हातात द्यायची त्या बाईला इतकी लाज वाटली, की तिनं एक स्वच्छ धुतलेला टॉवेल आणून त्यात ते बांधलं, आणि वर आठ डाळिंबं दिली.

चंदी आमच्याकडं नऊ वर्षं राहिली. आत कधी आली नाही. पडवी आणि अंगण हे तिचं घर, आणि शाल्मली तिच्याशी खेळून आली की आधी हातपाय धुऊन कपडे बदलायची, मग माझ्याजवळ यायची. पण हे सगळं नंतरचं. मला आठवते ती ते दुपटं उशाशी ठेवल्यानंतरची पहिली सकाळ.

मी चहा गाळत होते. शाल्मली गणवेश घालून उंबऱ्यात आली. वही तिच्या हातात होती, पण तिनं ती उघडली नाही. ओट्यावर माझ्यापुढं ठेवली, वर पेन्सिल ठेवली.

"आता तू लिही," ती म्हणाली.

मी हात पुसले. कोरं पान काढलं, तारीख घातली. थोडा विचार केला, आठवून आठवून मोजलं, आणि लिहिलं: सात.

तिनं मान तिरपी करून ते वाचलं.

"बाथरूममधल्या धरून?"

"धरून," मी म्हटलं.

तिनं वही दप्तरात टाकली आणि मी पुढं केलेली चहाची बशी माझ्या हातातून घेतली.